डागाखालची टिंबे

जुन्या सोफ्याने अखेरचा श्वास सोडला तो रविवारी सकाळी, मामींना पोटात घेऊन.

मामी म्हणजे आप्पांच्या मुलाच्या मामी. अंगाने भरलेल्या आणि मायेने त्याहून भरलेल्या. दारातूनच "कसे आहात आप्पा?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता नेहमीच्या जोरात बसल्या. आधी एक बारीक कण्हणे ऐकू आले. मग ‘कडाड’. मग मामींचे गुडघे वर राहिले आणि बाकीच्या मामी खाली गेल्या.

"मी काही केलं नाही," खालून आवाज आला. "मी नुसती बसले!"

"हलू नका मामी," मुलगा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता, त्यामुळे अडकलेल्या माणसांशी कसे बोलायचे हे त्याला नोकरीतच शिकवलेले होते. "घाबरू नका. शांतपणे श्वास घ्या. मदत येते आहे."

"मदत कुठून येतेय मेल्या? तू इथेच तर उभा आहेस!"

मग मुलाने एक हात धरला, सुनेने दुसरा, नातीने साडीचा पदर, आणि मामी वर आल्या. सोफा मात्र वर आला नाही. त्याचा कणाच मोडला होता. मांजर एवढा निवांत प्राणी, पण तेही कपाटावरून खाली उतरून त्या भोकात वाकून बघून आले. घरात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत, कारण ते कधीच काही करत नसे आणि सगळ्यांवर नाराज असे.

या सगळ्या गडबडीत आप्पा मामींकडे बघतच नव्हते. ते सोफ्याच्या उजव्या हातावर बोट फिरवत होते. हात शाबूत होता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मग विचारले, "लागलं नाही ना कुठं?" मामी म्हणाल्या, "नाही हो." आप्पांनी विचारले होते सोफ्याला की मामींना, हे त्यांनाही नक्की सांगता आले नसते.

आप्पांनी सगळे आयुष्य एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवले. शर्टाच्या खिशात लाल पेन, नाकावर चष्मा, आणि दुसऱ्याच्या चुका शोधायचे काम. छापखाना नव्या जागेत गेला तेव्हा मालकांच्या खोलीतला हा तपकिरी चामड्याचा सोफा आप्पांच्या घरी आला. आल्या आल्या आप्पांच्या बायकोने त्याच्या हातावर चहाचा कप ठेवला. कप उचलला तर खाली पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल डाग. आप्पांना घाम फुटला.

"अगं, चामडं आहे ते!"

"असू दे," ती म्हणाली.

"असू दे काय? कायमचा राहील डाग!"

तिने आप्पांच्या खिशातले लाल पेन काढले आणि त्या गोलाखाली ओळीने बारीक टिंबे दिली. मुद्रितात चुकून खोडलेला शब्द मुळात बरोबरच होता असे ध्यानात आले, की त्याखाली अशी टिंबे द्यायची आणि समासात ‘असू द्या’ लिहायचे, ही त्यांच्या छापखान्याची रीत. म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने समजायचे, हा शब्द जागचा हलवायचा नाही. आप्पा घरी मुद्रिते आणत, तेव्हा ते वाचून दाखवत आणि ती मूळ प्रत धरून बसे. ही खूण तिला तिथूनच ठाऊक.

त्या दिवसापासून त्या सोफ्यावर जे जे सांडले, उमटले, ओरखडले, त्या सगळ्याखाली लाल टिंबे पडत गेली. मुलाने लहानपणी खडूने काढलेली आगगाडी, तिच्याखाली टिंबे. इस्त्रीचा चटका, टिंबे. साहेबांच्या नख्यांचे समांतर हिशेब, टिंबे. पुसता पुसता ती गुणगुणायची, स्वतःच जुळवलेले काहीतरी:

बसा गं बसा, चहा सांडला सांडू दे
घर आहे माझं, त्याला पसारा मांडू दे

ती गेल्याला आता बराच काळ लोटला होता. तिच्या साड्या वाटून झाल्या, तिचा चष्मा कुठे गेला ते कुणाला सांगता येत नव्हते. पण तिच्या कपाचे गोल सोफ्याच्या उजव्या हातावर एकात एक गुंतून बसलेले होते आणि आप्पा रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसत.

"नवा घेऊ या," सून म्हणाली. "चामड्याचाच घेऊ. आप्पांना सवय आहे."

आप्पा म्हणाले, "हं." मुद्रितात ज्याला आपण फक्त स्वल्पविराम म्हणू, तसा तो ‘हं’ होता.

फर्निचरचे दुकान एवढे मोठे होते की आत चालून चालून पाय दुखावेत, आणि दुखले तरी कुठे टेकायचा धीर होऊ नये. विक्रेता बारीक अंगाचा, टाय लावलेला, चामड्याला हात लावताना डोळे मिटणारा.

"आधी सोफा बघायचाच नाही," तो म्हणाला. "आधी घर बघायचं. तुम्ही कसे राहता त्यावरून तुमचं चामडं ठरतं. चुकीचं चामडं घरात गेलं ना, की माणसं बिघडतात."

"माणसं?" मुलाने विचारले.

"हो. चामडं तसंच राहतं."

त्याने तीन नमुने पुढे केले. पहिल्यावर रंगाचा जाडसर थर होता. "याच्यावर काहीही सांडा, ओलं फडकं फिरवा, झालं. मुलं, मांजरं, पाहुणे, सगळं सोसतं. हे चामडं विसरतं." दुसरा नमुना लवदार होता, बोट फिरवले की मखमलीसारखी रेघ उमटायची. तिसरा त्याने उचललाच नाही, नुसता दाखवला. "याला वरून काहीच लावलेलं नाही. आपली कातडी असते ना, तशी. हात लागला तर हाताची खूण, ऊन पडलं तर उन्हाची. हे सगळं लक्षात ठेवतं."

आप्पा तोपर्यंत एका खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले.

"सगळं?"

"सगळं."

आप्पांनी तळहात अलगद त्या नमुन्यावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

सून घरून ठरवून आली होती ती पहिल्या चामड्यासाठी. ती दातांची डॉक्टर, डोक्याने अगदी स्वच्छ. पुसले जाईल असे हवे, विषय संपला. ती तसे म्हणणारही होती, इतक्यात शेजारच्या आरामखुर्चीतून एक बाई उठल्या.

"अय्या, डॉक्टर! तुम्ही इथं?"

बाई तिच्या पेशंट होत्या. मागच्याच आठवड्यात त्यांच्या दाढा तपासताना सुनेने त्यांना चांगले झापले होते. येता जाता बिस्किटे खाणे, टीव्हीसमोर बसून गोड चहा पिणे, या सवयी घरातून हद्दपार करा, असे. बाई आता हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"तर," विक्रेत्याने विचारले, "सोफ्यावर बसून चहा-बिस्किटं वगैरे होतात का घरी?"

बाईंनी मान तिरकी केली.

"छे!" सून म्हणाली. "आमच्याकडे टेबलाशिवाय कुणी काही खात नाही."

मुलाने बायकोकडे बघितले, मग बाईंकडे, आणि लिफ्ट कुठे अडकली आहे ते त्याच्या लक्षात आले. "अजिबात नाही," तो म्हणाला. "मी तर पाणीसुद्धा उभ्यानं पितो."

"घरात प्राणी?"

"एक मांजर आहे," सून म्हणाली, "पण ते... बाहेरचं आहे. येऊन जाऊन असतं."

"मुलं?"

आता सगळ्यांचे डोळे नातीकडे. तिला घरात चिमणी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. खोटे बोलायचे अधिकृत आमंत्रण तिला जन्मात पहिल्यांदाच मिळत होते. तिने संधी वाया घालवली नाही.

"मी सोफ्यावर उड्या मारत नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "मी सोफ्यावर फक्त विचार करते."

विक्रेता हलून गेला. त्याने डोळे मिटले. "अशी घरं आता राहिली नाहीत हो," तो म्हणाला. "तुमच्या घराला तिसरंच शोभेल. पहिलं देणं म्हणजे तुमचा अपमान आहे."

"पण पहिलं जरा..." सून कसनुशी म्हणाली.

"मला हेच आवडलं," आप्पा म्हणाले. त्यांचा हात अजून नमुन्यावरच होता. बऱ्याच दिवसांनी आप्पांना काहीतरी आवडले होते. त्यामुळे सुनेने पहिला नमुना मागे सारला. पेशंटबाई म्हणाल्या, "शिकण्यासारखं आहे बाई तुमच्याकडून."

जुना सोफा हमालांनी खाली नेला आणि तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी टेकवला. मास्तर मशीनवरून उठून बाहेर आले, त्यांनी त्या भोकाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "टाकताय? मला द्या. खालून विटा लावतो. गिऱ्हाइकं मापं द्यायला थांबतात, त्यांना बसायला होईल." असा सोफा जिन्यातून खाली उतरला आणि तिथेच राहिला.

नवा आला तो मधाच्या रंगाचा. खोलीत उजेड पडल्यासारखे झाले. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. बसण्याचे मात्र कुणी नाव काढेना. विक्रेत्याने जाताना सूचना सांगितल्या होत्या आणि सुनेने त्या पाठ केल्या होत्या. ऊन नको. पाणी नको. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. जीन्स नको, निळा रंग उतरतो. पट्ट्याचे बक्कल नको. ओले केस नकोत.

"माणसं चालतील ना?" मुलाने विचारले.

"थट्टा करू नकोस. आणि आप्पा," सुनेचा आवाज उतरला, "ते लाल पेन तेवढं जरा लांब ठेवाल का? चुकून..."

"हो हो," आप्पा म्हणाले. त्यांनी खिशातले पेन काढले आणि टेबलाच्या खणात ठेवले. छापखाना सोडल्यावरही ते खिसा रिकामा ठेवून कधी हिंडले नव्हते. त्यांचा हात दिवसभर उगीच खिशाकडे जात राहिला.

आता दुकानात सांगितलेले सगळे खरे करून दाखवणे भाग होते. पूर्वी संध्याकाळी ते घर सोफ्यावर येऊन सांडत असे. एका टोकाला आप्पा, त्यांच्या मांडीला पाठ लावून चिमणी, मध्ये बिस्किटांचा डबा, दुसऱ्या टोकाला मुलगा पाय पसरून, आणि दवाखान्यातून दमून आलेली सून खाली बसून मागे डोके टेकवून. साहेब सगळ्यांच्या डोक्यावर, सोफ्याच्या पाठीच्या कडेवर. कोण काय बोलतेय याला महत्त्व नसे. पाचही जण एकमेकांना कुठे ना कुठे टेकलेले असत.

आता मुलगा खरोखरच उभ्याने पाणी पिऊ लागला. चिमणी जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसू लागली आणि विचार करायचे तिने सोडून दिले. उन्हाने खूण पडेल म्हणून पडदे बंद झाले, त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागे. साहेबांना बैठकीच्या खोलीत बंदी झाली. ते दाराच्या फटीतून पंजा घालून निषेध नोंदवत. धूळ बसेल म्हणून सोफ्यावर चादर आली. चादरीवर काही सांडून आत झिरपेल म्हणून चादरीवर प्लॅस्टिक आले. प्लॅस्टिक वाईट दिसते म्हणून पाहुणे आले की त्यावर बरा पलंगपोस येई. शेवटी खालचा सोफा कसा दिसतो ते घरात कुणाला आठवेना.

आप्पा स्टुलावर बसत. ते पडद्याकडे बघत आणि थोड्या वेळाने म्हणत, "जरा फिरून येतो." पूर्वी ते फिरायला कधी जात नसत. आता रोज संध्याकाळी जाऊ लागले, आणि यायला उशीर करू लागले.

एके दिवशी सुनेने पाहिले तर आप्पा माळ्यावरची प्रवासाची बॅग काढून पुसत होते.

"धाकटीकडे जाऊन राहीन म्हणतो," आप्पा म्हणाले. धाकटी म्हणजे त्यांची बहीण.

"किती दिवस?"

"बघू."

"काही चुकलं का आप्पा?"

"छे गं. तिच्या घरापुढे ओटा आहे," आप्पा बॅगेची चेन मागेपुढे करत म्हणाले. "बसता येतं."

सून दवाखान्यात गेली. पण ते ‘बसता येतं’ दाढेत अडकल्यासारखे दिवसभर तिला टोचत राहिले. या घरात ती आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिच्या हातून चहा सांडला होता, सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाई काहीतरी म्हणाल्या होत्या. काय म्हणाल्या होत्या ते मात्र तिला नीट आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून लवकर निघाली. पांढऱ्या कोटाचे एक बटण तुटले होते. बटण तिला घरीही लावता आले असते. पण पाय मास्तरांच्या दुकानाकडे वळले. खरे सांगायचे तर तिला त्या जुन्या सोफ्यावर घटकाभर पाठ टेकायची होती आणि हे तिला कुणाला सांगायचे नव्हते.

दुकानाचा पडदा तिने बाजूला केला आणि ती तिथेच उभी राहिली.

सोफ्याच्या एका टोकाला आप्पा. त्यांच्या मांडीला पाठ लावून चिमणी, वहीत गणित करत. दुसऱ्या टोकाला तिचा नवरा, पाय पसरून. मध्ये बिस्किटांचा डबा. पाठीच्या कडेवर, कापडांच्या ताग्यांना टेकून, साहेब. कोपऱ्यात मास्तर मशीन चालवत होते आणि अधूनमधून हात लांबवून बिस्किट घेत होते.

चिमणीची पेन्सिल थांबली. मशीनसुद्धा थांबले.

"मी... चेन बसवायला आलो होतो," नवरा म्हणाला.

"कशाची चेन?"

त्याने स्वतःकडे खाली बघितले. तिथे काही उत्तर नव्हते.

"आणि ही?"

"मी बाबाला शोधायला आले," चिमणी म्हणाली. "बाबा आजोबांना शोधायला आला. साहेब बिस्किटांना शोधायला आले."

"रोज?"

"रोजच हरवतो ना आम्ही."

"डॉक्टरबाई," मास्तर म्हणाले, "तुम्ही का आलात?"

"बटण," सून म्हणाली, आणि तिचा तिलाच खोटेपणा कळला. रोज सकाळपासून पेशंट तिच्यासमोर आ वासून सांगत, दोनदा घासतो हो डॉक्टर, गोड तर आम्ही खातच नाही. ती आरसा आत घालून नुसती हसायची. आता तिच्यासमोर कुणी आरसा धरावा असे झाले होते. ती पुढे आली, कोट बाजूला टाकला, खाली बसली आणि तिने डोके मागे टेकले. डोके टेकले ते नेमके उजव्या हातापाशी, कपांच्या गोलांवर.

"आई, ती टिंबं दाबू नकोस," चिमणी म्हणाली. "ती आजीची आहेत."

"ही? मला वाटायचं आप्पांचं पेन गळतं."

"पेन नाही गळत. टिंबं म्हणजे ‘असू दे’. खालचं जे असेल ना, ते पुसायचं नाही. आजोबांनी सांगितलंय."

सुनेने वळून पाहिले. डागांखाली डाग, आणि प्रत्येकाखाली लाल टिंबांची ओळ. इतकी वर्षे ती या ओळींना टेकून दमलेले डोके विसावत आली होती. आणि सासूबाई त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या, ते तिला आठवले.

"मास्तर," नवऱ्याने विचारले, "हा परत वर न्यायचा म्हटलं तर?"

"न्या की. पण विटा दुकानाच्या आहेत. आणि विटांवरून उचलला तर एकाचे दोन सोफे होतील, ते तेवढं बघा."

तसे बघण्यात अर्थ नव्हता. सून उठली, तिने तिथूनच फर्निचरच्या दुकानात फोन लावला आणि मास्तरांच्या मशीनकडे बघत एका दमात सांगून टाकले, "आम्ही त्या दिवशी खोटं बोललो. आम्ही सोफ्यावर खातो. चहा पितो. मांजर घरचं आहे. मुलगी उड्या मारते."

पलीकडून विक्रेत्याचा आवाज आला. "मॅडम, मला अंदाज होता. विचार करणारं मूल मी आजवर पाहिलेलं नाही. सगळेच बोलतात हो खोटं. तुम्हाला ते पहिलं चामडं हवंय ना, विसरणारं? देतो बदलून. फक्त आताच्यावर एकही डाग नको, ओरखडा नको. मी उद्या येऊन तपासतो."

सून फोन ठेवून आनंदाने म्हणाली, "झालं काम आप्पा! पुसता येईल असा येतोय. मग कसेही बसा, काहीही सांडा. आता बॅग ठेवून द्या वर."

"चांगलं केलंस," आप्पा म्हणाले. तिने आपल्यासाठी एवढी खटपट केली म्हणून ते हसलेही. पण बोट कपाच्या गोलावर फिरत राहिले. बॅग मात्र त्यांनी वर ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी घर परीक्षेला बसल्यासारखे बसले. पलंगपोस निघाला, प्लॅस्टिक निघाले, चादर निघाली, पडदे उघडले. सोफा मधासारखा लखलखत होता. साहेबांना न्हाणीघरात कोंडले. चिमणीला मोजे घातले. विक्रेता भिंग घेऊन आला, डोळे मिटून त्याने हात फिरवला, डोळे उघडून भिंग फिरवले. घरातल्या कुणी श्वास घेतला नाही.

"आश्चर्य आहे," तो अखेर म्हणाला. "याच्यावर कुणी बसलेलंच नाही."

"एकदाही नाही," आप्पा स्टुलावरून म्हणाले. "लक्षात ठेवणारं चामडं आणलं, आणि त्याला लक्षात ठेवायला आपण काही दिलंच नाही."

ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते. पण सुनेचा हात ट्रेवर थांबला. दुकानात आप्पांनी तळहात ठेवून ‘सगळं?’ असे का विचारले होते, ते तिला आत्ता कळत होते. तिने ते वाक्य धमकीसारखे ऐकले होते, आणि आप्पांनी वचनासारखे.

"चहा घ्या," ती विक्रेत्याला म्हणाली. "टेबलापाशी."

"नको नको, इथंच उभ्यानं घेतो. माल पास आहे. उद्या गाडी पाठवतो." त्याने कप घेतला, आणि निघता निघता त्याच्यातला विक्रेता उसळला. "पण एवढं बसायचं सुख तुम्ही घेतलंच नाही म्हणजे कमाल झाली. बघा, बसलं की ते कसं अंगाला ओळख देतं..." आणि बशी सावरत तो अलगद सोफ्यावर बसला.

त्याच वेळी चिमणीला न्हाणीघरातला आक्रोश ऐकवेना. तिने कडी काढली.

इतक्या दिवसांची बंदी साहेबांच्या अंगात साठलेली होती. ते आले ते दिसलेच नाहीत. एक राखाडी रेघ खोलीतून गेली आणि विक्रेत्याच्या मांडीवर उतरली. विक्रेता "अगं आई!" म्हणाला, कप हवेत गेला, आणि सगळा चहा त्या मधाच्या रंगावर पसरला. चामड्याने तो लगेच पिऊन टाकला. बघता बघता तिथे गडद डाग उमटला.

विक्रेता पांढराफटक पडला. टाय सोडवून तो टायनेच टिपू लागला. "माझ्या हातून झालं! घोळ माझा आहे! तुम्ही काळजी करू नका, मी दुकानात सांगतो, बदलून देतो म्हणजे देतो, माझा शब्द आहे, फक्त आधी हे..."

"असू दे," सून म्हणाली.

ती असे काही म्हणणार आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. आवाज तिचाच होता, पण हेल तिचा नव्हता. मुलाने मान वर करून आईला शोधावे तसे खोलीत बघितले. आप्पा स्टुलावरून उठले. कुणाकडे न बघता ते टेबलापाशी गेले, खण उघडला, लाल पेन घेऊन आले. गुडघे कुरकुरवत खाली बसले आणि चष्मा सारखा करून त्यांनी त्या डागाखाली ओळीने बारीक, गोल, नीट टिंबे दिली.

"अहो आजोबा! अहो, काय करताय हे!" विक्रेता किंचाळला. "चहाचं मी निभावून नेलं असतं! ही शाई आहे! आता कुणीच बदलून देणार नाही!"

"म्हणूनच तर," आप्पा म्हणाले आणि तिथेच, टिंबांच्या शेजारी, सोफ्यावर बसले. पेन त्यांनी खिशात लावले.

चिमणीने उडी मारली. मुलाने पाय पसरले. साहेब पाठीच्या कडेवर चढून नख्या घासू लागले आणि कुणी त्यांना हटकले नाही. विक्रेता त्या सगळ्यांच्या मध्ये रिकामी बशी धरून बसून राहिला.

"दुसरा कप आणते," सून म्हणाली. "आणि तुम्ही उठू नका. ती जागा आता तुमचीच आहे."

पुढे बॅग माळ्यावर गेली. मामी आल्या तेव्हा आधी वाकून सोफ्याखाली बघून, मग देवाचे नाव घेऊन बसल्या. सोफ्याने त्यांना व्यवस्थित लक्षात ठेवले. विक्रेत्याच्या डागाची गोष्ट येणाऱ्या जाणाऱ्याला सांगून सांगून आप्पांना पाठ झाली.

आणि एका सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसताना आप्पांना सोफ्याच्या उजव्या हातावर एक नवा गोल दिसला. कपाचा. रात्री उशिरा दवाखान्यातून आलेले कुणीतरी तिथे एकटे चहा घेत बसले असणार. गोलाखाली लाल टिंबे होती. ती आप्पांनी दिलेली नव्हती. फार सरळ रेषेत होती, फार सारख्या अंतरावर, तारेने बांधून आणलेल्या दातांसारखी.

आप्पांनी चष्मा वर सरकवून ती ओळ सवयीने तपासली. शेवटी एक टिंब राहिले होते. त्यांनी खिशातून पेन काढले आणि ते देऊन टाकले.